मुख्यालयाच्या पायऱ्या

महापालिकेच्या नव्या मुख्यालयासमोर वास्तुरचनाकार वसुधा टिपरे यांनी रुंद पायऱ्या आखल्या होत्या. कामासाठी आलेल्या लोकांना तिथं निवांत बसता यावं, एवढाच त्यांचा हेतू. महापौर रंगरावांनी मात्र त्या पाडून उंच भिंत बांधून घेतली.

उद्घाटनाला ते ऐटीत म्हणाले, "बघा बाई, आता परवानगीशिवाय चिटपाखरूही आत येणार नाही!"

वसुधाताई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, निवडणूक हरलात तर तुम्हालाही बाहेरच थांबावं लागेल. तेव्हा बसायला तरी पायऱ्या ठेवायच्या होत्या."

मांडवात हशा पिकला. महापौरांची मान खाली गेली. भिंत मात्र तशीच राहिली. परतताना तिच्या कडेला उन्हात ताटकळलेली म्हातारी माणसं वसुधाताईंना दिसली. आपण बोललो खरं, पण फार उशिरा, असं वाटून त्यांना भरून आलं.