चार डोळ्यांचा सरदार

डोंगराळ मुलखात एक लहानसं राज्य होतं, आणि तिथल्या राजाच्या डोळ्यांत एक पानाचा विडा सलत होता. हो, विडाच!

त्याचं असं झालं. दरबारात खिंडीतल्या लढाईचं एक जुनं चित्र होतं. त्यात सगळ्यांत पुढे भाला रोवून उभा होता राणबा नावाचा साधा शिपाई. राजाचे पणजोबा घोड्यावर होते, पण मागच्या रांगेत. म्हणून दर दसऱ्याला पहिला विडा राणबाच्या घराला मिळे, आणि तो राजानं स्वतः उठून द्यायचा, अशी रीत होती. त्या घरात आता राणबाची नात सगुणाबाई तेवढी उरली होती. वर्षभर ती त्या एका विड्याची वाट बघे.

पुढे चित्राला वाळवी लागली. राजा म्हणाला, "नवं चित्र मीच काढीन. त्या निमित्तानं तैलरंग शिकणं होईल."

शिकवायला आले बाबाजी चितारी. बिचाऱ्यांच्या डोक्याला नुसता ताप! राजाला धीर म्हणून नाही. ओल्या लाल रंगावर पांढरा घोडा काढला, तो झाला गुलाबी. "महाराज, आधी खालचं वाळू द्या!" किती वेळा सांगावं माणसानं? तरी बाबाजींनी जुनं चित्र समोर ठेवून सगळं पुन्हा पुन्हा काढून घेतलं. अखेर राणबाचा चेहरा हुबेहूब उतरला, नीट वाळलाही.

आणि तेव्हाच राजाला अवदसा आठवली. त्यानं राणबाच्या चेहऱ्यावर पणजोबांचा चेहरा रंगवला.

बाबाजी कळवळून म्हणाले, "महाराज, तेलाचा रंग काही वर्षांनी विरळ दिसायला लागतो. खालचं वर येतं."

"तुम्ही गप्प बसा," राजा म्हणाला.

त्या दसऱ्याला सगुणाबाई नवं लुगडं नेसून आली. तिच्यादेखत राजानं विडा स्वतःच्या तोंडात घातला. "पुढे आमचे पणजोबा होते, चित्रात बघा!" म्हातारी रिकाम्या हातानं परत गेली. काय म्हणावं या माणसाला! अख्खं राज्य होतं हाताशी, आणि जीव अडकला एका पानात.

वर्षं गेली. एका दसऱ्याला दरबारात कुणीतरी खुदकन हसलं. पणजोबांच्या गालावर आणखी दोन डोळे उमटले होते. राजानं वरून रंग दिला. काही वर्षांनी डोळे परत वर आले, सोबत मिशाही आल्या. पोरंटोरं पणजोबांना चार डोळ्यांचा सरदार म्हणू लागली.

राजा बाबाजींवर खेकसला, "हे झाकायचं कसं ते सांगा!"

"झाकत नाही हो ते!" थकलेले बाबाजी म्हणाले. "खरवडा आता."

राजानं मुकाट्यानं सुरी घेतली. वरचे थर निघाले, राणबा दिसला. त्या दसऱ्याला राजा विडा घेऊन स्वतः सगुणाबाईच्या दारात गेला.

तिनं विडा कपाळाला लावला आणि परत त्याच्या हातावर ठेवला.

"आता आणलात होय? चावायला दात कुठं राहिलेत माझे?"

तात्पर्य, निदान आता तरी ध्यानात ठेवा: दुसऱ्याचा मान झाकून आपला रंगवू नये, तो टिकत नाही. आणि चूक सुधारायचीच असेल, तर समोरच्याचे दात शाबूत आहेत तोवर सुधारावी.