देशमुखांच्या पेवातली पणती

त्या वर्षी घोंगडेमहाराजांचा मुक्काम आसनखेडच्या मारुतीच्या देवळात होता. खांद्यावर काळे घोंगडे, ओठांवर नाम, आणि रोज सकाळी गावकऱ्यांना समोर बसवून एकच साधना. महाराज म्हणत, "डोळे मिटा. हृदयात एक ज्योत पाहा. ती आपलीच, पण आपल्याहून थोर. तिच्यापाशी जाऊन बसा."

सर्वांत मागे रायाजी बसे. रायाजी पेवे उपसणारा. जमिनीखालच्या त्या धान्याच्या कोठारात वर्षभर हवा कोंडते आणि माणसाचा जीव घेते. म्हणून पेव उघडले की आधी दोरीला पणती बांधून आत सोडायची. ती तेवत राहिली तरच माणसाने उतरायचे. ही त्याच्या घरची तीन पिढ्यांची रीत. बिचाऱ्याने ध्यानातही तेच केले.

"महाराज, म्या रोज छातीत पणती सोडतो," एकदा तो रडवेला होऊन म्हणाला. "पर दोन हात खाली गेली की इझती. माझ्या आत लई घाण हवा हाय जणू."

बैठक खो खो हसली. सर्वांत मोठ्याने व्यंकटराव देशमुख. त्यांना पहिल्याच दिवशी हजार सूर्य दिसले होते. दुसऱ्या दिवशी बाराशे.

"अरे राया, ज्योत बघायला सांगितलीय, पोहरा सोडायला नाही! आम्हाला तर इतका उजेड होतो, की मिटल्या डोळ्यांवर हात धरावा लागतो."

महाराज हसले नाहीत. "रायाजी, पेवात पणती विझली तर तू काय करतोस?"

"तोंड उघडं ठेवतो. घोंगडं वरखाली हलवून हवा काढतो. पुन्ना सोडतो."

"मग तसंच कर. घाई कुणाला आहे?"

तीन महिने गेले. रायाजी रोज मनातल्या मनात घोंगडे हलवी, पणती सोडी, आणि ती इमानाने विझे.

देवळातला भंडारा जवळ आला. त्या जेवणाची ज्वारी देशमुखांच्या पेवातून निघायची होती. रायाजीने पेवाचे तोंड उघडले, पणती दोरीला बांधायला घेतली, तोच व्यंकटराव धोतर खोचून पुढे झाले.

"ज्याच्या आत हजार सूर्य, त्याला तुझी पणती कशाला? सरक!"

"मालक, पाया पडतो, हवा..."

मालक उतरले. आतून एकदा "हं" ऐकू आले. मग काहीच नाही.

देशमुखीणबाईंनी हंबरडा फोडला. रायाजीने पणती सोडली, विझली. जीव तोडून घोंगडे हलवले, पुन्हा सोडली, पुन्हा विझली. आता उतरावे तर दोघेही जाणार, आणि थांबावे तर मालक जाणार. रायाजीने काठावरच डोळे मिटले.

"महाराज, माझी इझली तर इझू द्या. मालकांची ऱ्हाऊ द्या."

तिसऱ्यांदा त्याने पणती सोडली. पेवात एक, छातीत एक. आणि काय सांगावे! छातीतली पणती खाली गेली, आणखी खाली गेली, पार तळाला टेकली, आणि तेवतच राहिली! रायाजीने डोळे उघडले. पेवातलीही तेवत होती. तो सरसर उतरला, मालकांच्या काखेत दोर बांधला, आणि हंबरडा ऐकून जमलेल्यांनी वर ओढून घेतले.

नेमके त्याच वेळी महाराज देवळाच्या अंगणात भर उन्हात घोंगडे वरखाली हलवत उभे होते.

"माशा झाल्यात का महाराज?" पाण्याला निघालेल्या बायकांनी विचारले.

"पेव उघडलंय बायांनो," घामाने निथळत महाराज म्हणाले. "त्यातून देशमुखांचं. फार कोंदलंय."

संध्याकाळी दोघांच्या आधाराने व्यंकटराव देवळात आले. मागून रायाजी.

"या व्यंकटराव," महाराजांनी मायेने विचारले, "खाली किती सूर्य दिसले?"

"एकही नाही, महाराज. नुसता काळोख. मग छातीत वरून एक पणती उतरली. दोरीला बांधलेली. दोरी कुणाच्या हातात होती, तेही दिसलं."

ते चरणांवर वाकले. महाराजांनी हळूच पाय मागे घेतले आणि रायाजीला पुढे ओढले. देशमुखांचे मस्तक ज्वारीच्या धुळीने भरलेल्या त्या पायांवर टेकले.

रायाजी पुरता अवघडला. "उठा मालक, उठा," तो म्हणाला. "ज्वारी तशीच ऱ्हायलीय. पर या खेपेला आधी पणती."