तबिथाबाईचे खड्डे

मुरूमखेडीच्या ख्रिस्ती कबरस्तानात शिरताना डाव्या हाताला तीन अर्धवट खणलेले खड्डे दिसतात. पावसात ते भरतात, पुढे त्यांत तरवड माजतो, पण कुणी ते बुजवत नाही. पाहुण्यांनी विचारले की म्हातारे ओबेदतात्या काठी टेकून थांबतात आणि आधी बजावतात, "हसायचं असंल तर फाटकाबाहेर हसा." मग सांगतात ते असे.

गोऱ्या मिशनरी साहेबांच्या काळात हनोख भांबळ हा मंडळीतला वडील, म्हणजे चर्चचा पंच होता. तो प्रार्थनेला उभा राहिला की बायाबापड्यांच्या डोळ्यांना पदर लागायचा. घरी मात्र तेच हात बायकोवर, तबिथाबाईवर, चालायचे. वरून कीर्तन आतून तमाशा, ही म्हण काही फक्त हिंदूंसाठी केलेली नाही, असे तात्या म्हणतात. एका शनिवारी त्याने तिचा डावा हात कोपरात मोडला. तो वाकडाच जुळला. विहिरीत पडले, असे तिने लोकांना सांगितले आणि लोकांनी ते आनंदाने मानले.

पुढे हनोख तापाने गेला. मातीच्या वेळी, म्हणजे दफनाच्या वेळी, पाळकसाहेब म्हणाले की कोकरासारखा असा गरीब माणूस मंडळीने पाहिला नव्हता. सगळे आमेन म्हणाले. तबिथाबाईने पेटीजवळ येऊन वाकडा हात वर केला.

"खोटं बोलू नका, साहेब. ह्यो हात त्यानंच मोडला. ज्याच्याकडं तो चाललाय, त्याला समदं ठावं हाय."

पेटीवर माती पडायच्या आधी तिच्यावर शिव्या पडल्या. सगळ्यांत पुढे धाकटा दीर शद्रख. मेलेल्या माणसावर आळ घेणारीला नरकातही जागा मिळणार नाही, असे तो म्हणाला. त्या दिवसापासून तिला वाळीत टाकले. प्रभुभोजनाचा प्याला तिला चुकवून पुढे जायचा. चर्चमध्ये बाकावर तिच्या शेजारी कुणी बसेना, म्हणून ती दाराबाहेरच्या दगडावर बसू लागली. एकही रविवार तिने चुकवला नाही. आत सत्यावर उपदेश चालत आणि बाहेर ती ऐकत असे. मरणाचे तिला भय नव्हते. डोळे मिटायच्या आधी एकाने तरी म्हणावे, बाई, तू खरे बोललीस, एवढेच तिला हवे होते. नऊ वर्षे तिने वाट पाहिली. कुणीही म्हणाले नाही, आणि एका उन्हाळ्यात ती त्या दगडावरच मरून पडली.

तिच्या मातीला चारच माणसे आली, तीही पाळकांनी दटावले म्हणून. पहिला टिकाव घरच्याने मारायचा, म्हणून शद्रखला यावे लागले. तिला फाटकाजवळ टाकू, असे ठरले. गुडघाभर खणल्यावर खडक लागला. दुसरा खड्डा घेतला, तिथेही खडक. तिसऱ्या खड्ड्यात टिकाव असा उसळला, म्हणे, की शद्रखचा डावा हात कोपरापासून लुळा पडला. तो खड्ड्यातच बसला.

तिथूनच तो बोलला. "बाई खरं बोलली व्हती. त्यो मारत व्हता तवा म्या दारात व्हतो. ती पळू नये म्हनून भायेरनं कडी म्याच लावली."

त्यानंतर चार हात पलीकडे टिकाव मारला, तर जमीन ओल्या वाफ्यासारखी निघाली, असे सांगतात. तात्यांना त्याचे कौतुक नाही. मुरमाची जमीन आहे, खडक कुठेही लागतो आणि कुठेही सरतो. त्यांना राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. ते एक वाक्य बोलायला शद्रखला नऊ वर्षे लागली, आणि ऐकायला ती नव्हती.

आजही मुरूमखेडीत माती असली की पेटी आधी या तीन खड्ड्यांपाशी ठेवतात. मेलेल्याविषयी ज्याच्या पोटात काही असेल त्याने इथे पुढे येऊन सांगायचे. ते झाल्याशिवाय पाळक तोंड उघडत नाहीत, आणि मातीची पहिली मूठ त्या सांगणाऱ्याचीच. ओबेदतात्यांनी सख्ख्या भावाचे तोंड तीस वर्षे पाहिलेले नाही. दोष कुणाचा, हे पाहुणे विचारत नाहीत.

"आमच्या गावात मरनाला कुनी भेत न्हाई," खड्ड्यांकडे पाठ फिरवून तात्या म्हणतात. "मातीला भेत्यात."