सुगरणीच्या घरट्यातला उंबरा

माणसाला दोरा वळता येत नव्हता, तेव्हाची गोष्ट. विहिरीवरच्या बाभळीत चंपा सुगरणीचा घरट्यांचा कारखाना होता. घरटी तिच्या थोरल्या आजोबांच्या अकलेची. तोंड खाली, सापाची चढायची टाप नाही! पण अंडी घरंगळून विहिरीत पडायला लागली, तशी गिऱ्हाइकं पळाली. रडकुंडीला येऊन चंपानं बाभळीवरच्या शेजारपिल्लांनाच विचारलं, "सांगा रे शेंबड्यांनो, काय करू?"

एक पिल्लू म्हणालं, "मावशे, आत उंबरा घाल की, अंडी अडतील!"

"आजोबांच्या घरट्याला हात लावू? केवढे हुशार ते!"

"मग त्यांनी हे कुणाला विचारून केलं?"

चंपाला हसू फुटलं. कुणाला विचारतायत! तेव्हा आजोबाबी एवढंसंच पिल्लू होते, अन् अख्खी बाभळ त्यांना हसली होती.

तिनं चोचीत काडी धरली. "ये इकडं. किती उंच घालू, दाखव."