वाळू अडवणारे दगड

किनाऱ्यावर अजून माणसाचं पाऊल उमटलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. एक कासवीण पोटात अंडी घेऊन दूरच्या समुद्रातून आपल्या जन्माच्या पुळणीवर परतली, तर पुळणच नाहीशी झालेली! अंडी पुरायला ओंजळभर वाळू उरली नव्हती.

"चोरटे!" ती लाटेवर खेकसली. "माझी वाळू खाल्लीस!"

"मी तर पहिल्यापासूनच नेते," लाट म्हणाली. "तिरकी येते आणि वाळू दक्षिणेला ढकलत जाते. पण नेलेली वाळू उत्तरेकडून भरून यायची, ती आता येत नाही. माझ्यावर काय ओरडतेस, मावशे? वर जाऊन बघ."

कासवीण संतापून उत्तरेला गेली. तिथे डोंगरावरून घरंगळलेले दगड समुद्रात रांगेने आडवे बसले होते आणि त्यांच्यामागे वाळूचा डोंगर साचला होता.

"दारात आलेली वाळू ठेवून घेतली," थोरला दगड म्हणाला. "यात कुणाचं काय गेलं?"

"दारात आली म्हणजे तुमची झाली? ती पुढे निघाली होती!"

"मग तूही इथेच घाल की अंडी. आम्ही कुठे नको म्हणतोय?"

कासवीण वाळूवर चढली आणि मागच्या पायांनी खणू लागली. दगड समाधानाने हसले. पण ती अंड्यांसाठी खणत नव्हती. थोरल्याच्या बुडाखालची वाळू उपसून ती पाण्यात भिरकावत होती आणि प्रवाह ती दक्षिणेला नेत होता.

"अगं बाई, हे काय करतेस?"

कासवीण खणतच राहिली. थोरला दगड कलंडला, तेव्हाही ती थांबली नाही.