सुरळी काही हटेना

एक होती खिंड. खिंडीत होता दगडांचा ढीग. हा एवढा मोठ्ठा.

तो कुणी बांधला? कुणीच नाही.

चढ चढून माणसं दमायची. मग एक दगड उचलायचा, ढिगावर ठेवायचा आणि म्हणायचं, "दमणूक इथं ठेवली." की लागली चालायला. बांगडीवाल्यानं ठेवला. बाजारच्या बायकांनी ठेवला. शाळेच्या पोरांनी ठेवला. ढीग वाढत वाढत गेला. त्याचं नाव पडलं दमोबा.

दमोबाच्या पोटात राहायची एक सापसुरळी. बोटाएवढी. चकचकीत. तिला सगळे म्हणायचे सुरळी. एक चपटा दगड, तेच तिचं दार.

एकदा सुरळी जागी झाली, तर घरात ऊनच ऊन. दार गेलेलं. आणि वर घार. गोल गोल, गोल गोल. दार नाही म्हटल्यावर घार चोच घालणार आत.

सुरळी घाबरली का? घाबरली. थोडीशी. पण रडत बसली का? छे. निघाली.

सुळ्ळ सुळ्ळ, सुळ्ळ सुळ्ळ.

चढावर येसाजीमामाची बैलगाडी उभी. चाकाखाली काय? सुरळीचं दार.

"येसाजीमामा, येसाजीमामा, माझं दार द्या की."

"कसं देऊ गं? बैल बसलाय. दगड काढला तर गाडी मागं पळेल. बैल उठू दे, मग देतो. जा घरी."

"घराला दार कुठंय?" म्हणाली सुरळी, आणि गेली बैलाकडं.

सुळ्ळ सुळ्ळ, सुळ्ळ सुळ्ळ.

"बैलदादा, बैलदादा, उठा की. मामा दार देईना आणि मी काही हटेना."

"हूंऽ. पोट रिकामं. गवत येऊ दे, मग उठतो. तू आपली शेपटी सांभाळ."

सुळ्ळ सुळ्ळ, सुळ्ळ सुळ्ळ. बांधावर चांगुणाकाकी.

"चांगुणाकाकी, चांगुणाकाकी, गवत कापा की. बैल उठेना, मामा दार देईना आणि मी काही हटेना."

"अगं बाई, केवढीशी तू. माझा विळा बघ. ह्यानं लोणीसुद्धा कापायचं नाही. धार लागू दे, मग कापते."

सुळ्ळ सुळ्ळ, सुळ्ळ सुळ्ळ. खिंडीखाली लोहारबाबा.

"लोहारबाबा, लोहारबाबा, धार लावा की. काकी गवत कापेना, बैल उठेना, मामा दार देईना आणि मी काही हटेना."

"भट्टी विझलीय. भाता फाटलाय. वारा सुटू दे, मग लावतो. उद्या ये."

"घार थांबेल का उद्यापर्यंत?"

असं म्हणून सुरळी निघाली वाऱ्याकडं.

सुळ्ळ सुळ्ळ, सुळ्ळ सुळ्ळ. दमोबाच्या मागं, झुडपात, वारा पडला होता. पाय पसरून.

"वारेदादा, वारेदादा, सुटा की. लोहार धार लावेना, काकी गवत कापेना, बैल उठेना, मामा दार देईना आणि मी काही हटेना."

"फूऽऽ. मी दमलो. नाही सुटत. जा."

सुरळी गेली का? नाही गेली.

"दमलात? मग दमोबावर दगड ठेवा."

"मला कुठं हात आहेत?"

"माझे तरी केवढेसे आहेत? पण मला डोकं आहे."

सुरळीनं एक खडा बघितला. त्याला डोकं लावलं. ढकल ढकल. खडा घसरला, घर्रर्र.

परत ढकल ढकल. परत घर्रर्र.

घार खाली आली. सुरळीवर सावली पडली.

"मी काही हटेना," म्हणाली सुरळी. ढकल ढकल ढकल. टक्. खडा बसला वर.

"वाऱ्याची दमणूक इथं ठेवली."

वाऱ्यानं एक डोळा उघडला. मग दुसरा. अंग झाडलं. "अरेच्चा, हलकं वाटतंय."

वारा सुटला, सूं सूं. घार भिरभिरत लांब गेली. भट्टी पेटली, भक्. लोहारानं धार लावली, ठण ठण. काकीनं गवत कापलं, कर्र कर्र. बैलानं खाल्लं आणि उठला, खुळखुळ. गाडी चढली वर. मामानं दगड उचलला.

"घे तुझं दार. भारीच हट्टी गं तू."

"हट्टी नाही. दार माझंच होतं. आणि मामा, दमोबाला दगड द्यायचा असतो. न्यायचा नसतो."

मामानं डोकं खाजवलं. दार लावलं.

"असं नाही. गुळगुळीत बाजू आत."

मामानं गुपचूप दार फिरवलं. सुरळी आत गेली. खट्.

घार परत आली. टक टक. "सुरळी, सुरळी, दार उघड की."

"नाही उघडत."

गाडी गेली गावात, घार गेली ढगात, सुरळी निजली घरात.