बाहुल्या आवरायचा दिवस

फार वर्षांपूर्वी जपानमधल्या एका नदीकाठच्या गावात जिंबेई नावाचा एक छत्र्या बनवणारा कारागीर राहत होता. त्याची बायको लवकर वारली. मागे उरली ओसेन, त्याची एकुलती एक लेक. तिला त्याने तळहाताच्या फोडासारखं जपलं.

त्या गावात चेरी फुलायच्या आधी मुलींचा सण असे. घरोघरी लाल कापडाच्या पायऱ्यांवर राजाराणीच्या बाहुल्या मांडायच्या आणि दुसऱ्याच दिवशी आवरून पेटीत ठेवायच्या. बाहुल्या रेंगाळल्या की घरातल्या मुलीचं लग्नही रेंगाळतं, असं सगळे मानत. म्हणून चेरी फुलल्यावरही ज्या घरात बाहुल्या दिसत, तिथे मागणी घालायचं लोक टाळत.

ओसेन अठरा वर्षांची झाली, तेव्हा नावाड्याच्या घरून तिला मागणी येणार अशी कुणकुण जिंबेईला लागली. मुलगा मातासुके, कष्टाळू आणि सरळ. त्याला नाव ठेवायला जागा नव्हती. ओसेनच्याही तो मनात भरला होता. पण यापुढे घरात एकट्याने जेवायचं, हा विचारच जिंबेईला सोसवेना.

सणाच्या दुसऱ्या दिवशी ओसेनने पेटी उघडली, तसा तो म्हणाला, "राहू देत अजून थोडे दिवस. तुझ्या आईने हौसेने आणलेल्या आहेत. पाहिलं की बरं वाटतं."

आईचं नाव निघालं. तिने पेटी मिटली.

आठवड्याभरात चेरी बहरली. सगळं गाव चटया आणि खाण्याचे डबे घेऊन झाडांखाली लोटलं. मातासुकेची आई मात्र आधी जिंबेईच्या दारी आली. बाहुल्या अजून मांडलेल्या पाहून ती चपापली. चहा प्यायली, हवापाण्याच्या गोष्टी केल्या आणि आल्या कामाचा शब्दही न काढता निघून गेली. जिंबेईचा जीव भांड्यात पडला. त्या दिवशी तो चार घास जास्तच जेवला.

पुढच्या वर्षी तेच, त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. निमित्तांना काय तोटा? कधी हवा दमट, कधी कंबर धरलेली, कधी पुन्हा आईची आठवण. चौथ्या वर्षी मातासुके नव्या नवरीला घेऊन चेरीखाली बसलेला दिसला. ओसेन बापाच्या पेल्यात चहा ओतत होती. तिचा हात जराही हलला नाही. पोरीला काही वाटलंच नाही, असं जिंबेईने ठरवून टाकलं. सोयीचं तेवढंच त्याने पाहिलं.

वर्षं सरली. ओसेनने तिशी ओलांडली. जिंबेईला खोकल्याने धरलं, बांबू तासताना हात थरथरू लागले. वैद्याने आशा सोडली. तेव्हा कुठे त्याचे डोळे उघडले. आपण ज्या एकटेपणाला भ्यालो, तोच आता लेकीच्या वाट्याला येणार, हे त्याला कळून चुकलं.

त्या वर्षी सणाच्या दुसऱ्या दिवशी उजाडताच त्याने स्वतः बाहुल्या कागदात गुंडाळल्या आणि पेटीत ठेवल्या. मग बहर असेतोवर रोज धुतलेला अंगरखा घालून तो दारात बसून राहिला. झाडांखाली गाणी चालली होती. लोक दारावरून जात-येत होते. आत कोणीच आलं नाही.

पाकळ्या गळून चिखलात मिसळल्या, तेव्हा तो लेकीला म्हणाला, "यंदा मी बाहुल्या वेळेवर आवरल्या, पोरी."

"पाहिलं मी," ओसेन म्हणाली.

"इतकी वर्षं तूच का नाही आवरल्यास? मी काही तुझा हात धरला नसता."

तिने त्याच्या खांद्यांवर पांघरूण घातलं. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही आपणहून आवराल, म्हणून मी दर वर्षी वाट पाहत होते."

ती रागावली असती तर बरं झालं असतं, असं जिंबेईला वाटलं. तो ढसाढसा रडला. ओसेनने त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि ती चूल पेटवायला आत गेली. पावसाळ्याआधीच जिंबेई वारला. त्या चुलीवर मग एकाच माणसाचा भात शिजू लागला.

तात्पर्य: स्वतःच्या भीतीपोटी आपल्या माणसाला अडकवून ठेवणं ही माया नव्हे; चूक उशिरा सुधारता येते, पण त्या माणसाची गेलेली वर्षं परत देता येत नाहीत.